अकरा अर्धी तिकिटं

आमच्या घरात पितळेचा एक तांब्या आहे. त्याच्या गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी एका नटीचं नाव घातलंय आणि खाली 'उत्कृष्ट नायिका'. नवीन माणूस पाणी प्यायला हातात घेतो, वाचतो, हसतो आणि हा कुठून आणला म्हणून विचारतो. मी सांगते, जुन्या बाजारातून. खोटं सांगते. तो तांब्या माझ्या आगाऊपणामुळे घरात आला, आणि येताना माझ्या वडिलांची झाकलेली मूठ भर पटांगणात उघडी करून आला. ऐंशी साल उलटून गेलं होतं, मी अकरावीत होते. आता नातवंडं झाली तरी तो सोहळा आठवला की मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

आधी त्या सोहळ्याचं सांगते, नाहीतर बाकीचं कळणार नाही.

नाशकात द्वारका चौकाच्या मागे आमची कॉलनी होती. बैठ्या घरांच्या चार रांगा, मधे विहार, विहारासमोर पटांगण आणि कोपऱ्यात नळ. माणसं कारखान्यातली, शाळेतली, कचेरीतली. काही विंचूर-निफाडकडून शेती भावांवर टाकून आलेली. जातपात, गाव, पक्ष, सगळ्यांवरून भांडणं व्हायची, पण सिनेमाचं वेड सगळ्यांना सारखं. मुंबईच्या एका सिनेमा साप्ताहिकात वर्षातून एकदा मतदानाचं कूपन छापून यायचं. उत्कृष्ट नायक कोण, नायिका कोण, ते भरून पाठवायचं, मग मुंबईत मोठ्या थाटात बक्षिसं दिली जायची. कॉलनीत तो अंक एकट्या टेलरकाकांकडे यायचा. म्हणजे चाळीस घरांना मिळून एक कूपन. ते भरायला सगळे टेलरकाकांच्या दुकानात जमायचे आणि एका मतासाठी दुपारभर घसे कोरडे करायचे.

एका वर्षी मुंबईने जो सिनेमा सर्वोत्कृष्ट ठरवला तो नाशकात लागलाच नव्हता. टेलरकाकांच्या डोक्यात तिडीक गेली. आम्ही न पाहिलेल्या सिनेमाला बक्षीस द्यायचं तर आमचं मत मागितलंत कशाला, असं म्हणून त्यांनी कूपनाचा नाद सोडला आणि जाहीर केलं, की आपल्या कॉलनीची बक्षिसं आपणच द्यायची. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. मी तेव्हा फ्रॉकात होते.

बक्षीस म्हणून काय द्यायचं यावर पुन्हा भांडण. शेवटी तांबट आळीतून पितळेचे पाच तांबे आणले आणि लग्नातल्या भांड्यांवर घालतात तशी त्यांच्यावर नटनट्यांची नावं घातली. मुंबईला पत्रं गेली. एकाच ठिकाणाहून उत्तर आलं, तेही छापील सहीचा फोटो. कुणी येणार नाही हे शेंबड्या पोरालाही कळत होतं, पण टेलरकाका भाबडे होते. त्यांनी पहिल्या वर्षी पटांगणात पाच खुर्च्या पाहुण्यांसाठी रिकाम्या ठेवल्या. त्या रिकाम्याच राहिल्या.

दुसऱ्या वर्षी त्यांनी तोडगा काढला. बक्षीस नटाच्या वतीने कॉलनीतल्या माणसाने घ्यायचं आणि तो नट नाशकात येईपर्यंत तांब्या आपल्या घरी सांभाळायचा. घेताना दोन शब्द बोलायचे. ते दोन शब्द टेलरकाकांनीच ठरवून दिले होते: "बाई कामात आहेत म्हणून येऊ शकल्या नाहीत. त्यांच्या वतीने मी हा तांब्या घेतो आणि त्या येईपर्यंत सांभाळतो." नायक असला तर बाईंच्या जागी साहेब. दरवर्षी पाचही माणसं हेच म्हणायची आणि दरवर्षी टाळ्या पडायच्या.

मग प्रत्येकालाच वतीने उभं राहायचं होतं. म्हणून नियम झाला, की तो सिनेमा ज्याने जास्त वेळा पाहिला त्याला मान. पुरावा काय, तर तिकिटं. टॉकीजच्या दारावर तिकीट फाडून अर्धं आपल्या हातात देतात, ते अर्धं जपून ठेवायचं. तेव्हापासून आमच्या कॉलनीत कुणी तिकीट फेकायचं नाही. पायजम्याच्या खिशात, पोथीत, पिठाच्या डब्याखाली, जिथे तिथे अर्धी तिकिटं. एकाने तर झाडलोट करणाऱ्याशी संधान बांधून टॉकीजमध्ये पडलेली तिकिटं वेचून आणली आणि खलनायकाचा तांब्या पटकावला. पुढे ते फुटलं. त्या घराला कॉलनीने 'वेचे' नाव ठेवलं. त्यांची पोरं शाळेत गेली तिथेही वेचे, लेकीचं लग्न ठरलं तर पाहुण्यांच्या कानावरही वेचे. शेवटी ते लोक घर विकून गेले.

त्या प्रकारानंतर टेलरकाकांनी शेवटचा नियम केला. तिकिटं बंद पाकिटात द्यायची, वर घराचं नाव लिहायचं. ज्या पाकिटात जास्त निघतील त्यातलं एकेक तिकीट सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं. त्यावर शिक्क्याने तारीख-वार घातलेला असतो, खेळाची वेळ असते. वाचून झालं की विचारायचं, कुणाची हरकत आहे का. कुठल्या दिवशी कोण गावाला गेलं होतं, कोण तापाने पडलं होतं, हे शेजाऱ्यापासून लपत नाही. या नियमाने लबाडी बंद झाली. आणि याच नियमाने आमचं घर धरलं.

आमच्या घरात तांब्या कधीच आला नव्हता. बाबा अंबडला एका लहानशा कारखान्यात फिटर होते. पहिली पाळी. सकाळी सहाला समोरचे काका सायकलची घंटी वाजवायचे, बाबा डब्याची पिशवी हँडलला लावायचे आणि दोघं निघायचे. काकांचा कारखाना पुढे होता, बाबांचं वळण आधी यायचं. चारच्या सुमाराला बाबा परत. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी. सिनेमाला आम्हाला घेऊन जायचे ते दिवाळीला, तेही आईने दोनदा म्हटल्यावर. शेजारच्या मैत्रिणीच्या घरात तीन तांबे रांगेत मांडलेले, आणि तिच्या तोंडी त्या तांब्यांशिवाय दुसरा विषय नाही. मी जळायचे. जळायचे हे आता मान्य करायला काय जातंय.

त्या वर्षी मतं मोजून झाली आणि नायिकेचा सिनेमा ठरला. त्यात तिचा नवरा बोटीवर नोकरीला जातो तो परतच येत नाही, आणि ती एकटी पोरं वाढवते. पावसाळ्यात लागला होता, मग दुसरे सिनेमे आले तशी मालकाने त्याला बारा ते तीनच्या खेळाला ढकललं, आणि तिथे तो महिनोन्‌महिने चालला. सोहळ्याला चार दिवस राहिले असताना मी बाबांच्या डब्याची पिशवी धुवायला घेतली. आतल्या चोरखिशात काहीतरी लागलं. काढलं तर अर्धी तिकिटं. पुढच्या बाकांची, स्वस्तातली. सगळी त्याच सिनेमाची.

मी मोजली. अकरा निघाली. मैत्रिणीच्या बापाची सात होती हे तिने स्वतःच सांगितलं होतं.

माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. आपला बाप मुकाट्याने अकरा वेळा एक सिनेमा बघतो, घरात चकार शब्द काढत नाही, मला वाटलं हे सगळं तांब्यासाठीच चाललंय आणि संकोचाने पाकीट द्यायचं राहिलंय. मी पाकीट आणलं, तिकिटं घातली, वर आमच्या घराचं नाव लिहिलं आणि टेलरकाकांना देऊन आले. कुणाला सांगितलं नाही. मला बाबांचा चेहरा बघायचा होता.

अकरावीतली पोर, पहिल्या पाचात येणारी. तिकिटं मी मोजली, वाचली नाहीत. तारखा बघितल्या नाहीत, वार धरले नाहीत, खेळाची वेळ तर डोळ्यांसमोर छापलेली होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात तो असा.

कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी दहाला सोहळा असायचा, म्हणजे पाळीवाले सगळे यावेत. विहाराच्या ओट्यावर टेबल, टेबलावर चादर, चादरीवर घासून लखलखीत केलेले पाच तांबे. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला सतरंजीवर. बाबा नेहमीसारखे मागे भिंतीला टेकून बसले होते. आई माझ्या शेजारी होती.

नायिकेची पाकिटं फोडून तिकिटं मोजली. टेलरकाकांनी आमच्या घराचं नाव वाचलं आणि सगळ्यांनी मागे वळून बाबांकडे बघितलं. बाबांना काही कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हसले. आईचा हात माझ्या मांडीवर आला आणि तिने इतक्या जोरात दाबलं की वळ उठले. मला वाटलं आनंदाने दाबलंय.

टेलरकाका वाचायला लागले. "सोमवार, बारा ते तीन. बुधवार, बारा ते तीन. गुरुवार, बारा ते तीन." पाचव्या-सहाव्या तिकिटाला त्यांचा आवाज उतरला. तेही काही दुधखुळे नव्हते. पण थांबता येईना, नियम त्यांचाच. पुढची तिकिटं त्यांनी भराभर वाचली आणि नाइलाजाने विचारलं, "कुणाची हरकत आहे का?"

समोरचे काका उठले. विंचूरकडचा माणूस, मनात एक आणि ओठावर दुसरं असं त्यांना जमायचंच नाही.

"माझी हाय," ते म्हणाले. "हा मानूस रोज सकाळी माझ्यासंगं सायकलीवर कामाला जातो. पहिल्या पाळीचा मानूस बारा वाजता टाकीजात कसा बसंल? ही तिकिटं त्याची नायत. पोरीनं कुठून तरी येचून आणली असतील. मला लय वाईट वाटतंय, पण खरं हाय ते हाय."

पुरुषांच्या बाजूने कुणीतरी हळूच म्हणालं, "वेचे."

तो शब्द मला ऐकू आला. मी ओरडून सांगणार होते की तिकिटं मी वेचली नाहीत, बाबांच्या पिशवीत सापडली. तोंड उघडलंसुद्धा होतं. तेवढ्यात ते वार, ती वेळ, डब्याची पिशवी, सगळं माझ्या डोक्यात एकदम जागेवर बसलं. खरं सांगावं तर बाप उघडा पडतो, गप्प बसावं तर मी चोर ठरते. मी गप्प बसले. बापाला वाचवायचं म्हणून नव्हे, घाबरून. तेवढं श्रेय मी घेणार नाही.

बाबा उठले. विजार झटकली. सतरंजीवरच्या माणसांतून वाट काढत ओट्यापर्यंत आले आणि लोकांकडे तोंड करून उभे राहिले.

"तिकिटं माझी आहेत," ते म्हणाले. "पोरीने काही वेचलेलं नाही. कारखाना बंद पडला, तीन महिने झाले. सकाळी गेटागेटावर काम विचारत फिरतो. अकरापर्यंतच कोणी उभं करतं. मग दुपार निघत नाही, म्हणून टॉकीजात जाऊन बसतो." मग समोरच्या काकांकडे बघून म्हणाले, "तुम्हाला वळणावर रोज फसवलं. राग धरू नका."

काका मटकन खाली बसले.

टेलरकाकांना काय करावं सुचेना. त्यांनी तांब्या उचलून बाबांच्या हातात दिला, कारण टेबलावर पुढचं काम तेच होतं. आणि बाबांनी तो घेतला. घेतल्यावर दोन शब्द बोलायचे असतात. बाबा नियमाने चालणारे. त्यांनी तांब्यावरचं नाव वाचलं आणि सगळे म्हणतात तेच म्हणाले.

"बाई कामात आहेत म्हणून येऊ शकल्या नाहीत. त्यांच्या वतीने मी हा तांब्या घेतो..."

पुढचे शब्द त्यांना म्हणता आले नाहीत. त्या वर्षी त्या तांब्याला टाळ्या पडल्या नाहीत.

घरी आल्यावर बाबा मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसले. मी आईला म्हणाले, "मला माहीत नव्हतं गं. तुला तरी कुठे माहीत होतं?"

आईने मला खोलीत ओढलं आणि दार लोटून घेतलं. तिने माझ्यावर हात उचलला नाही. उचलला असता तर बरं झालं असतं.

"तीन महिने मी त्यांचे शर्ट धुतेय," ती म्हणाली. "एकाला तेलाचा डाग नाही. फिटरच्या बायकोला कळत नसेल का? नळावर बायका असतात म्हणून मी कोरे शर्ट सोडा घालून दगडावर आपटत होते. कारखाना बंद होताना हिशेबाचे मिळालेले पैसे ते पगार म्हणून हातात ठेवायचे, मी पगार म्हणून घ्यायचे. त्यांना वाटत होतं मला कळलेलं नाही. तेवढ्यावर तो माणूस सकाळी उठून सायकल काढत होता. आणि तू, माझे बाई, हात दाखवून अवलक्षण करून आलीस."

मला तेव्हा तिचाच राग आला. म्हटलं, मग मला का नाही सांगितलंस? ती दार उघडून बाहेर गेली. आता वाटतं, तिने घरात कुणालाच का सांगितलं नव्हतं ते मला कळायला हवं होतं. दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती, आणि त्याच आधारावर आमची चूल पेटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला घंटी वाजली. समोरचे काका नेहमीसारखे दारात उभे होते. बाबा उठले नव्हते. काका मोठ्याने म्हणाले, "चला, उशीर व्हतोय." दोनदा म्हणाले. शेवटी आईने पिशवी बाबांच्या हातात दिली. त्या दिवसापासून काका वळणावर थांबायचे नाहीत, बाबांना घेऊनच पुढे जायचे आणि आपल्या कारखान्याच्या गेटवर साहेबासमोर उभं करायचे. दीड-दोन महिने असं चाललं. मग काम लागलं, पण हेल्परचं. ज्या हातांनी इतकी वर्षं मशिनं जुळवली ते हात पोरासोरांना पाने-पकडी नेऊन द्यायला लागले. पहिल्या दिवशी बाबा घरी आले तो शर्ट तेलाने माखलेला होता. आईने तो नळावर नेला आणि सगळ्या बायकांच्या देखत कितीतरी वेळ धूत बसली.

पुढच्या वर्षी तिकिटं मोठ्याने वाचायचा नियम टेलरकाकांनी काढून टाकला. त्याच्या पुढच्या वर्षी पाकिटंही गेली. कॉलनीत एकेक टीव्ही आला, व्हिडिओ भाड्याने मिळायला लागला, आणि एके वर्षी सोहळा करायचा राहिला तो राहिलाच. कुणाला चुकल्यासारखं वाटलं असेल तर मला माहीत नाही. मला वाटलं नाही. तांब्या आईने आधी माळ्यावर टाकला होता, मग कधीतरी खाली काढला आणि त्यात पाणी ठेवायला लागली. बाबा त्यातलंच पाणी प्यायचे. टॉकीजची पायरी ते पुन्हा चढले नाहीत. मी कितीदा ठरवलं की त्यांची माफी मागायची. मागितली नाही. त्यांनी ती वेळच येऊ दिली नाही, आणि मला ते सोयीचं होतं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला आमच्याकडेही टीव्ही आला. मी तेव्हा माहेरपणाला गेले होते. रविवारी संध्याकाळी सिनेमा लागला. पहिल्याच पाटीला मी ओळखला आणि आईकडे बघितलं. तिनेही ओळखला होता. उठून बंद करावा तर बाबा का म्हणून विचारतील, आणि चालू ठेवावा तर. आम्ही दोघी काही न करता बसून राहिलो. नवरा बोटीवर गेला, बाई पोरांना घेऊन धक्क्यावर उभी राहिली. बाबा पाटावर बसून अगदी मन लावून बघत होते. मध्ये बातम्या लागल्या तरी उठले नाहीत.

सिनेमा पुन्हा सुरू झाला तशी त्यांनी आईला विचारलं, "बरा आहे गं सिनेमा. हा आपण पाहिला नव्हता ना कधी?"

अकरा दुपारी तो माणूस त्या पडद्यासमोर बसला होता.

आईने तांब्या उचलला, भांड्यात पाणी ओतून त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "नाही. आता बघा निवांत."